नाव कोणी ठेवावे?

ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुकांची पालखी निघते आणि दुसऱ्या दिवशी पुण्याच्या वाटेवर विश्रांतवाडीस येते. त्या दिवशी आळंदी रस्त्याच्या कडेला उभे राहून कोणी नीट कान दिला, तर त्याच्या ध्यानात एक मौज येईल. हजारो माणसे एकमेकांस हाका मारीत चाललेली असतात आणि त्या साऱ्या हाका एकाच नावाच्या असतात. पाणी मागणारा माउली, पाणी देणारा माउली, वाट अडवून बसलेला माउली आणि त्यास बाजूस सारणारा बंदोबस्ताचा शिपाई तोही माउलीच. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही तिन्ही वारकऱ्याने जणू घरच्या खुंटीला टांगून ठेवलेली असतात. पंढरीहून परतल्यावर ती पुन्हा अंगावर चढतात.

याच रस्त्याने शहराच्या दिशेने थोडे पुढे गेले म्हणजे येरवडा लागते. तेथील कारागृहाच्या मुद्रणालयात शासनाचे छापकाम होत आले आहे. सरकारी छपाईत जे अनेक प्रकारचे कागद निघतात, त्यांत 'महाराष्ट्र शासन राजपत्र' हा एक. त्याच्या भाग दोनमध्ये नाव बदलल्याच्या जाहिराती असतात. जुने नाव अमुक, नवे नाव अमुक, एवढाच त्यांतील मजकूर. त्यांत ना कारण, ना कहाणी. वारीत नाव सहज गळून पडते. येथे मात्र एक अक्षर इकडचे तिकडे करावयाचे, तर प्रतिज्ञापत्र, ओळखीचा पुरावा, छायाचित्र आणि शुल्क यांची जुळवाजुळव करावी लागते. एकाच रस्त्यावर आढळणाऱ्या या दोन रीती पाहिल्या म्हणजे मनात प्रश्न उभा राहतो तो हा की, माणसाचे नाव हे अखेर कोणाच्या मालकीचे?

नाव बदलणे ही गोष्ट अलीकडच्या काळातच निघाली, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. महाराष्ट्रात माणसांची नावे पूर्वापार बदलत आली आहेत. भेद इतकाच की, ती ज्याची त्याने क्वचित बदलली. कधी राजाने, कधी दत्तक घेणाऱ्या घराण्याने, कधी सासरने, कधी गावाने, तर कधी शाळेच्या पटाने ती बदलली. नावाचा धनी या व्यवहारात बहुधा मुकाट्याने ऐकून घेणाराच असे. म्हणून या इतिहासाकडे पाहताना नवे नाव काय झाले, यापेक्षा ते कोणी ठेवले, हाच प्रश्न विचारावयास हवा.

मराठी माणसाचे पूर्ण नाव तीन शब्दांचे असते. पहिला शब्द त्याचा स्वतःचा, दुसरा वडिलांचा व तिसरा घराण्याचा. पहिला शब्द बाराव्या दिवशी बारशाला मिळतो. बाळाच्या कानात 'कुर्र' करून तो उच्चारण्याचा मान आत्याचा. दुसऱ्या शब्दाविषयी वाद होण्याचे कारण नसते. तिसरा शब्द मात्र एके काळी फारच चंचल होता. आज आपण ज्यांना आडनावे म्हणतो ते कुलकर्णी, देशपांडे, चिटणीस, फडणीस, पोतनीस हे शब्द मुळात हुद्दे होत. श्रीवर्धनच्या भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथ यांस १७१३ साली छत्रपती शाहू महाराजांनी पेशवेपद दिले आणि पुढे ते सबंध घराणेच पेशवे म्हणून ओळखले जाऊ लागले. नाना फडणविसांचे मूळ आडनाव भानू होते, हे आज किती जणांच्या लक्षात असेल? मल्हाररावांचे घराणे होळ गावावरून होळकर झाले. सातारा जिल्ह्यातील कटगुणचे गोऱ्हे पुण्यास येऊन फुलांचा व्यवसाय करू लागले आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. त्याच घरात १८२७ साली जोतीराव जन्मले. यांपैकी कोणीही कचेरीत अर्ज केला नाही. लोकांनी ज्या नावाने हाक मारली, तेच आडनाव झाले.

इंग्रजी अंमलात ही मोकळीक संपुष्टात आली. जमिनीच्या मोजणीचे कागद, कोर्टातील दावे, पलटणीचे पट, निवृत्तिवेतनाच्या नोंदी आणि शाळेतील हजेरीपुस्तके या सर्वांस एक गोष्ट हवी होती. ती म्हणजे, काल जो मनुष्य अमुक नावाने लिहिला, तो आजही त्याच नावाने लिहिला जावा. गावाला माणूस तोंडावरून ओळखू येई. कचेरीला तो नावावरूनच ओळखावा लागे. अशा रीतीने हाकेतले नाव नोंदीत गेले आणि एकदा नोंदीत गेलेले नाव हलविणे अवघड होऊन बसले.

राजघराण्यांत नाव बदलण्याला निराळेच वजन असे. शिवछत्रपतींचे नातू, संभाजी महाराजांचे पुत्र, १६८२ साली जन्मले तेव्हा त्यांचे नाव आजोबांवरून शिवाजी असे ठेवण्यात आले होते. १६८९ साली रायगड पडला आणि मातोश्री येसूबाईंसह ते मोगलांच्या कैदेत गेले. शाहू हे नाव त्यांना औरंगजेबाने दिले, अशी कथा ग्रँट डफ याने आपल्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासात नमूद केली आहे. कथेचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला, तरी एवढे निश्चित की, १७०८ साली साताऱ्यास त्यांनी राज्याभिषेक करविला तो शाहू या नावाने. ज्या नावाला कैदेचा वास होता, त्याच नावाची नाणी, तेच नाव शिक्क्यात आणि तेच पुढे कोल्हापूरच्या गादीवरही. दुसऱ्याने दिलेले नाव मनुष्य आपल्या कर्तृत्वाने आपले करून घेऊ शकतो, याचे हे मोठे उदाहरण होय.

दत्तकविधान म्हणजे तर नाव बदलण्याचा शास्त्रसंमत मार्गच. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव हा बारा वर्षांचा शेतकरी घरातील मुलगा २७ मे १८७५ रोजी बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. या दोन्ही मुलांची संमती कोणी विचारली असेल असे नाही. पुढे दोघांनीही नव्या नावाला इतका अर्थ दिला की, जुने नाव आज चरित्रकारांपुरतेच उरले आहे.

परंतु नव्या नावाच्या मागे सत्तेची मान्यता नसेल, तर काय होते, हे झाशीने पाहिले. नोव्हेंबर १८५३ मध्ये मृत्युशय्येवरील गंगाधरराव नेवाळकरांनी आनंदराव नावाचा मुलगा दत्तक घेतला आणि आपल्या दिवंगत मुलाचे दामोदर हे नाव त्यास दिले. विधी यथासांग झाला. दुसऱ्याच दिवशी महाराज निवर्तले. कंपनी सरकारने दत्तक नामंजूर करून १८५४ साली संस्थान खालसा केले. राणी लक्ष्मीबाई याच दामोदराच्या हक्कासाठी लढल्या. त्या स्वतःही माहेरच्या तांबे, मणिकर्णिका. लक्ष्मीबाई हे नाव सासरचे. दामोदररावांनी पुढचे आयुष्य इंदुरास घालविले आणि १९०६ साली ते वारले. शास्त्राने दिलेले नाव त्यांजपाशी अखेरपर्यंत राहिले. त्या नावाबरोबर येणारी झाशी मात्र आली नाही.

राजपुत्रांची नावे इतिहासात येतात, म्हणून त्यांचा बोलबाला होतो. वस्तुतः महाराष्ट्रात सर्वांत अधिक नावे बदलली गेली ती सामान्य घरांतील मुलींची. पुरुषाच्या पूर्ण नावातील तिन्ही शब्द जन्मापासून मरणापर्यंत तेच. स्त्रीचे मात्र तिन्ही शब्द एका संध्याकाळी पालटत. सासरी पाऊल पडले, की ताम्हणात तांदूळ पसरीत, नवरा सोन्याच्या अंगठीने त्यांवर नवे नाव लिही आणि साखर वाटून ते जाहीर होई. वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव, माहेरच्या आडनावाच्या जागी सासरचे. या विधीला ना मुद्रांक लागला, ना साक्षीदाराची सही. तरीही कोणत्याही राजपत्राहून त्याचा अंमल कडक होता.

एकोणिसाव्या शतकातील दोन यमुनांची गोष्ट या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. पहिली यमुना कुर्लेकरांची. १८७३ साली तिचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला आणि ती रमाबाई रानडे झाली. पुण्याच्या सेवासदनाशी तिचे नाव कायमचे जोडले गेले. दुसरी यमुना कल्याणच्या जोशांची. तिचे लग्न पुढल्याच वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी झाले, आडनाव योगायोगाने तेच राहिले आणि नाव आनंदी झाले. १८८३ साली ही आनंदीबाई समुद्र ओलांडून अमेरिकेस गेली आणि १८८६ साली फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी घेऊन डॉक्टर झाली. नियतीने या दोघींकडून पुढे केवढी कामे करवून घेतली! पण त्या दोन्ही घरांतील अंगणात 'यमुने' अशी हाक ज्यांनी मारली असेल, त्यांच्या तोंडून ती हाक एका रात्रीत काढून घेतली गेली होती.

येथे न्यायाने हेही सांगावयास हवे की, नवे नाव ही प्रत्येक वेळी हानीच होती असे नाही. गोदूबाई नावाची एक बालविधवा मुंबईस पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. पण कायदा असूनही समाजाचा बहिष्कार चुकला नाही. त्या लग्नात ठेवलेले नवे नाव म्हणजे केवळ सासरच्या मालकीची खूण नव्हती. ज्या जुन्या नावाला वैधव्य चिकटले होते, त्याच्यापासूनची ती सुटका होती. तेव्हा नामांतर बरे की वाईट, हे नावावरून ठरत नाही. ज्याचे नाव बदलले, त्याचे आयुष्य त्यामुळे रुंद झाले की अरुंद, यावरून ते ठरते.

आता पुन्हा साताऱ्याकडे वळावयाचे. ज्या नगरीत शाहू महाराज गादीवर बसले, तेथेच ७ नोव्हेंबर १९०० रोजी सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिल्या इयत्तेत नऊ वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. शाळेच्या नोंदीत त्याचे नाव भिवा रामजी आंबेडकर असे आहे. घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे; त्यावरून आंबडवेकर. शाळेत आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक होते, त्यांचा या विद्यार्थ्यावर लोभ होता आणि त्यांच्यामुळे आंबडवेकराचे आंबेडकर झाले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. ज्या वर्गात इतरांबरोबर बसण्याचीही या मुलाला मोकळीक नव्हती, त्याच शाळेच्या पटात हे नाव पडले. सकपाळ हे नाव कुळाचे होते. आंबेडकर हे गावावरून आलेले. 'कर' लागलेल्या आडनावावरून गाव कळते, जात कळतेच असे नाही, ही त्या घडणीची एक खुबी होय. भिवाचा पुढे भीमराव झाला आणि त्या आडनावाने तर एका समाजाला आपली मान ताठ करण्याचे बळ दिले. २०१७ सालापासून ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एका शाळाप्रवेशाच्या नोंदीचा असा उत्सव अन्यत्र क्वचितच होत असेल.

परंतु आंबेडकरांच्या बाबतीतही नाव लिहिणारा हात दुसऱ्याचाच होता. आपले नाव आपण बदलावे आणि राज्याने ते मान्य करावे, ही कल्पना सामान्य माणसाच्या आटोक्यात आली ती राजपत्रातील जाहिरातीमुळे. तिचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. इंग्लंडात मनुष्य आपले नाव स्वतःच्या इच्छेने धारण करू शकतो, असा तेथील रूढ कायदा आहे. त्याचा पुरावा म्हणून तो एक दस्त करून ठेवतो, एवढेच. भारतात नाव बदलण्याविषयी सर्व देशाला लागू असा एकच अधिनियम नाही. गोव्यात मात्र पोर्तुगीज आमदानीपासून नागरी नोंदणीची परंपरा घट्ट रुजलेली. तेथे १९९० साली नाव व आडनाव बदलण्यासंबंधी स्वतंत्र अधिनियम करण्यात आला. धर्मांतराबरोबर पोर्तुगीज आडनाव मिळालेली घराणी ज्या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या नांदली, तेथे या प्रश्नाला अधिक महत्त्व असावे, हे साहजिकच आहे.

महाराष्ट्रात शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे अर्ज करावयाचा आणि राजपत्रात नोटीस छापून आणावयाची, अशी रीत आहे. अज्ञान मुलाच्या वतीने त्याचे पालक अर्ज करतात. या नोटिसांच्या माथ्यावर एक सूचना असते आणि तिचा आशय असा की, मजकूर अर्जदाराच्या म्हणण्यावरून छापला आहे, त्याच्या सत्यतेची जबाबदारी शासन घेत नाही. वरवर पाहता ही सूचना हात झटकण्याची वाटेल. बारकाईने पाहता तीत मोठे तत्त्व आहे. नाव शासन देत नाही. नाव देणारा नावाचा धनी स्वतः. शासन केवळ दवंडी पिटते. पूर्वी गावच्या चावडीपुढे हलगी वाजवून जी गोष्ट चार लोकांत सांगितली जाई, तीच येथे छापून सांगितली जाते. आणि ती सर्वांस कळली, असे गृहीत धरून पुढील कागद बदलतात.

हे पुढील कागद बदलणे हेच खरे कष्टाचे काम असते. बँक, पारपत्र, मालमत्तेचे उतारे, निवडणुकीची यादी या प्रत्येक ठिकाणी नवे नाव स्वतंत्रपणे नेऊन पोचवावे लागते. सर्वांत हट्टी कागद म्हणजे शाळेचा. शाळा सोडल्याचा दाखला हा जन्मतारखेचा, जातीचा आणि नावाचा पुरावा म्हणून जन्मभर पुरतो. म्हणूनच त्यात फेरफार करू देण्यास यंत्रणा सहसा राजी नसते. यात यंत्रणेचीही एक बाजू आहे. नावे सहज बदलू लागली, तर कर्ज बुडविणारा, फरारी होणारा, दुसऱ्याच्या गुणपत्रकावर नोकरी मिळविणारा अशांचे फावेल, ही भीती निराधार नव्हे. स्थैर्य आणि स्वातंत्र्य यांची ही ओढाताण सर्वोच्च न्यायालयापुढे गेली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रांसंबंधी ३ जून २०२१ रोजी दिलेल्या निर्णयात त्या न्यायालयाने असे म्हटले की, नाव हा व्यक्तीच्या ओळखीचा गाभ्याचा भाग आहे आणि आपल्या नावावर अधिकार असणे हे संविधानातील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडते. मंडळाला राजपत्रातील प्रसिद्धीसारख्या वाजवी अटी घालता येतील, जुन्या नावाचा उल्लेखही कायम ठेवता येईल. पण दार सर्वस्वी बंद करता येणार नाही. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ सालच्या अधिनियमानेही ओळखीचे प्रमाणपत्र मिळालेल्या व्यक्तीस जन्मदाखल्यातील व इतर अधिकृत कागदांतील पहिले नाव बदलण्याचा अधिकार दिला आहे. बारशाच्या दिवशी आत्याने जे सांगितले, ते अखेरचे नव्हे, असे कायद्याने मान्य केले, असाच याचा अर्थ.

आणि काही बारशी अशी असतात की, तेथे सांगितलेले नाव अखेरचे ठरू नये, हीच प्रार्थना करावी लागते. जुन्या काळी ज्या घरात मुले जगत नसत, तेथे नव्या बाळाचे नाव धोंडू, दगडू, कचरू असे ठेवीत. चांगल्या नावाला दृष्ट लागते. दगडाला, कचऱ्याला कोण पाहतो, अशी ती भोळी समजूत. त्या ओबडधोबड नावाच्या आड आईचा जीव लपलेला असे. मूल जगावे म्हणून त्याला टाकाऊ म्हणावयाचे, असा तो प्रेमाचा कावा होता. धोंडो हे नाव धारण करणारे महर्षी कर्वे तर शंभर वर्षांचे होऊन १९५८ साली भारतरत्न झाले.

पण याच चालीची एक काळी बहीण आहे. मुलाच्या आशेने वाट पाहणाऱ्या घरात एकामागून एक मुलीच झाल्या, तर त्यांतील शेवटचीचे नाव 'नकुसा' किंवा 'नकोशी' ठेवावयाचे. म्हणजे देवाला निरोप पोचतो आणि पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. धोंडू आणि नकुसा ही दोन्ही नावे वरवर सारखीच हलकी; परंतु त्यांच्या पोटातील हेतू परस्परविरुद्ध आहेत. मुलाला दगड म्हटले ते त्याने राहावे म्हणून. मुलीला नकोशी म्हटले ते खरोखरच ती नको होती म्हणून. मराठी भाषेत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' असे दोन वाक्प्रचार आहेत. पहिल्याचा अर्थ बारसे, दुसऱ्याचा अर्थ दोष देणे. नकुसाच्या बारशात हे दोन्ही अर्थ एकाच दिवशी उरकले जात. शाळेत रोज हजेरी घेताना गुरुजींनी तो शब्द उच्चारावयाचा आणि त्या मुलीने उभे राहून 'हजर' म्हणावयाचे. आपण नको आहोत, याची कबुली सहा-सात वर्षांच्या पोरीकडून दररोज सकाळी घेतली जात होती.

२०११ साली सातारा जिल्ह्यात आरोग्य खात्याच्या पुढाकाराने अशा मुलींचा शोध घेण्यात आला. त्या वर्षीच्या जनगणनेचे आकडे बाहेर आले होते आणि ते लाजिरवाणे होते. सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात २००१ साली ९१३ मुली होत्या. २०११ साली त्या ८९४ वर आल्या. गर्भलिंगनिदानास बंदी करणारा महाराष्ट्राचा कायदा १९८८ चा आणि केंद्राचा १९९४ चा. तरीही ही घसरण. ज्या घरांना यंत्राने मुलगी आधीच नाकारता आली, त्या घरांतल्या मुली या आकड्यांत दिसतच नाहीत. ज्या जन्मल्या आणि नावाने नाकारल्या गेल्या, त्या मात्र मोजता येण्याजोग्या होत्या.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यास समारंभ झाला. २८५ मुली नवे कपडे लेऊन, वेण्या घालून आल्या आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांच्या हातून प्रत्येकीने नव्या नावाचे प्रमाणपत्र व फुलांचा गुच्छ घेतला. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली, कोणी सावित्री, तर कोणी अस्मिता. सिनेमातील नटीचे नाव घेतले म्हणून कोणी हसेल. पण हसण्यापूर्वी त्याने एक विचार करावा. राजघराण्यातील दत्तकपुत्रास नाव मिळाले ते गादीच्या सोयीने, नववधूस मिळाले ते सासरच्या आवडीने. या मुलींपैकी कितीतरी जणींनी आपले नाव स्वतः निवडले. महाराष्ट्राच्या नामांतरांच्या दीर्घ इतिहासात हा प्रसंग म्हणूनच वेगळा उठून दिसतो. बारशाला बाळ बोलू शकत नाही. हे बारसे बोलणाऱ्या मुलींचे होते.

प्रमाणपत्राने सारे काही साधले, असे मात्र कोणी समजू नये. शाळेच्या पटावरील नाव एका दिवसात बदलते. घरातल्या आजीच्या जिभेवरचे नाव बदलण्यास अवधी लागतो आणि गल्लीतल्या पोरांच्या जिभेवरचे नाव बदलण्यास त्याहून अधिक. गोऱ्ह्यांचे फुले झाले, तेव्हा हाक आधी बदलली व कागद मागाहून आला. नकुसाच्या बाबतीत कागद आधी बदलला. हाकेने त्याच्या मागून यावयाचे आहे. ही उलटी वाट अधिक कठीण आहे. शासनाला दवंडी पिटता येते. हाक मात्र ज्याची त्यालाच मारावी लागते.

पूर्ण नावाच्या चौकटीतही आता फरक पडला आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावात, शासकीय कागदपत्रांवर, प्रथम बालकाचे नाव, मग आईचे, नंतर वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम राहील. तीन शब्दांचे नाव चार शब्दांचे झाले आणि ज्या घरी तांदळावर लिहिलेले नाव घेऊन ती आली, त्याच घरच्या मुलाच्या नावात आईला प्रथमच लेखी जागा मिळाली. ही जागा यमुनेला मिळाली नव्हती, गोदूलाही नाही.

पुढल्या ज्येष्ठात पालखी पुन्हा आळंदी रस्त्याने विश्रांतवाडीस येईल. तिच्यासोबत सातारा जिल्ह्यातील गावांतून आलेल्या दिंड्याही असतील आणि २०११ साली ज्यांनी प्रमाणपत्र घेतले, त्या मुली आता ऐन तारुण्यात आहेत. त्यांच्यापैकी एखादी डोक्यावर तुळस घेऊन त्या गर्दीत चालत असेल. तिला तहान लागेल, ती पाण्याच्या मांडवापाशी थांबेल आणि पेला पुढे करणारा तिला म्हणेल, 'घ्या माउली.' तो तिचे जुने नाव विचारणार नाही, नवेही विचारणार नाही. वारी आटोपून ती गावी परत जाईल, तेव्हा वेशीपाशी तिला कोणत्या नावाने हाक ऐकू येते, ते मात्र गावाच्या हाती आहे.